कंबर नेमकी कुठे असते?

कापडाच्या दुकानातील मीटरपट्टीवर सरकारी शिक्का असतो. त्या शिक्क्याची मुदत टळली, तर वैधमापन शास्त्र खात्याचा निरीक्षक दंड करू शकतो, हे पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. एके काळी गज प्रांतागणिक बदलत असे; वार, हात, तसू यांचे हिशेब निरनिराळे होते आणि परगावच्या व्यवहारात कोणता गज धरायचा, हे सौद्याच्या आधीच बोलून घ्यावे लागे. १९५६चा वजने-मापे कायदा झाला, १९५८पासून दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि तो गोंधळ मिटला. इचलकरंजीत मोजलेला मीटर आणि मालेगावात मोजलेला मीटर एकच, याबद्दल आता कोणी शंका घेत नाही.

तेच कापड शिंप्याच्या किंवा रेडीमेड कारखान्याच्या टेबलावर गेले, की मात्र चित्र पालटते. फीत तीच असते, सेंटिमीटरही तोच असतो. पण कागदावर ‘कंबर ८१’ असे लिहिलेले असेल, तर ती शरीराच्या कोणत्या जागी मोजली, श्वास घेऊन की सोडून, अंगातल्या कपड्यावरून की आतून, फितीखाली बोटे घालून की फीत घट्ट धरून, यांपैकी एकाही गोष्टीवर कोणाचा शिक्का नसतो. मोजण्याचे एकक कायद्याने ठरले. मोजायचे काय, हे ज्याच्या त्याच्या सवयीवर राहिले. वस्त्रव्यवसायातील फार मोठे नुकसान या एका फटीतून होते आणि ते ताळेबंदात ‘परत आलेला माल’ किंवा ‘पडून राहिलेला साठा’ या नावाखाली दडते.

कंबर हा शब्द सर्वांत सोपा वाटतो, म्हणून आरंभ तिथूनच करावा. पाश्चात्त्य शिवणपुस्तके कंबर म्हणजे धडाचा सर्वांत बारीक भाग असे सांगतात. आपल्याकडचे अनेक कारागीर बेंबीची रेषा धरतात. पँट शिवणारा कारागीर ग्राहक पट्टा जिथे बांधतो तिथे फीत लावतो, आणि मध्यमवयीन पुरुषाचा पट्टा बहुधा पोटाच्या खाली उतरलेला असतो. साडी नेसणाऱ्या स्त्रीला विचारावे, तर परकराची नाडी जिथे बांधली जाते ती तिची कंबर. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, १९८१मध्ये आयएसओ ३६३५ हे मानक काढले. त्यात कंबर ही शेवटच्या बरगड्या आणि कमरेच्या हाडाची वरची कडा यांच्या दरम्यानची नैसर्गिक रेषा मानली होती. पोट सैल सोडून, नेहमीसारखा श्वास चालू असताना ती मोजावी असे म्हटले होते. ‘दरम्यान’ म्हणजे नेमकी कुठे, हा प्रश्न उरलाच. २०१७च्या आयएसओ ८५५९ मानकाच्या पहिल्या भागात तो सोडवला गेला: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा सर्वांत उंच बिंदू यांचा बरोबर मध्य.

ही व्याख्या चांगली आहे, कारण ती हाडांवर आधारलेली आहे. हाडे वजन वाढले म्हणून जागा सोडत नाहीत. ‘सर्वांत बारीक भाग’ ही व्याख्या सडपातळ देहापुरती चालते. पोट सुटलेल्या माणसाच्या धडाचा सर्वांत बारीक भाग अनेकदा छातीच्या लगेच खाली येतो आणि तिथे पँट कोणी बांधत नाही. शहाणा शिंपी म्हणूनच फीत हातात घेऊन हलकेच विचारतो, “शेठ, पट्टा इथे बांधता की जरा खाली?” या एका प्रश्नात व्याख्येचे सगळे काम होऊन जाते. शेठजींचा मानही राहतो.

इथेच या विषयाची मेख आहे. जोवर माप घेणारा हात आणि कापड बेतणारा हात एकच असतो, तोवर व्याख्येची गरज भासत नाही. शिंप्याच्या मापवहीत ‘कं. ३४, सी. ३९, मो. १५’ अशी टिपणे असतात. त्याची ‘सीट’ कुठून मोजायची, ‘आसन’ पट्ट्यासह की पट्ट्याविना, ‘तीरा’ खांद्याच्या हाडापर्यंत की शिलाईपर्यंत, हे त्याचे त्याला माहीत असते. तो फीत धरताना दोन बोटे आत घालत असेल, तर बेतताना तेवढी ढिलाई कमी धरतो. चूक असली तरी ती दोन्ही टोकांना सारखीच असते, त्यामुळे कपडा अंगाला बरोबर बसतो. घरच्या वहीतली खूण घरापुरती चालते, तसेच हे. परंतु ती वही दुसऱ्या शिंप्याच्या हाती दिली, की तेच आकडे खोटे ठरतात. रेडीमेड धंद्यात तर माप घेणारा एका देशात, आराखडा काढणारा दुसऱ्या गावी, शिवणारा तिसऱ्या ठिकाणी आणि नेसणारा कुठे, ते कोणालाच माहीत नसते.

फीत हीदेखील तशी अलीकडची वस्तू आहे. युरोपातील शिंपी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची किंवा चर्मपत्राची लांब पट्टी ठेवीत आणि छाती, बाही, उंची यांच्या जागी तिला खाचा पाडीत. त्या पट्टीवर अंक नसत. ती त्या एका माणसाचीच मोजपट्टी असे. इंचाची फीत आली आणि एका माणसाचे माप दुसऱ्याच्या मापाशी ताडून पाहता येऊ लागले. मग काही चतुर कारागिरांच्या लक्षात आले, की छातीच्या आकड्यावरून बाकीची मापे अंदाजाने काढता येतात. छातीचा चौथा भाग, सहावा भाग, आठवा भाग असे हिशेब सुरू झाले. आपल्याकडच्या शिवणवर्गांत मुंढ्याची खोली आणि गळ्याची रुंदी याच रीतीने शिकवली जाते. मुंबईच्या झारापकर संस्थेच्या कटाई पद्धतीने तर महाराष्ट्रातील कितीतरी घरांत शिवणयंत्राला अन्न मिळवून देण्याची ताकद दिली.

या भागाकारांची सोय मोठी, तसाच त्यांचा धोकाही. जपानमधील बुंका पद्धतीचे उदाहरण घेऊ. तिथे स्त्रियांच्या अंगरख्याचा मूळ आराखडा छाती, कंबर आणि पाठीची लांबी या तीनच मापांवरून काढतात. पाठीची अर्धी रुंदी म्हणजे छातीचा आठवा भाग अधिक ७.४ सेंटिमीटर. छाती ८४ असेल, तर उत्तर येते १७.९. आता एखाद्या स्त्रीची छाती काखेखालून, उभाराच्या वरून मोजली तर ८४ भरते आणि उभारावरून मोजली तर ९०. दुसरा आकडा धरला, तर पाठीची अर्धी रुंदी १८.६५ येते, पूर्ण पाठीत दीड सेंटिमीटरची भर पडते. त्या स्त्रीची पाठ मात्र होती तेवढीच आहे. ब्लाउज छातीवर नीट बसतो, पण खांद्यावरून घसरतो किंवा पाठीला झोळ येतो, ही घराघरांतील तक्रार येथून जन्मते. दोष शिंपिणीच्या हाताला दिला जातो. वास्तविक तिने ‘छाती’ म्हणून जे मोजले आणि पुस्तकाने ‘छाती’ म्हणून जे गृहीत धरले, त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. अनुभवी कारागीर दोन्ही मापे घेतात आणि त्यांच्यातील फरक टक्समध्ये जिरवतात. हे ज्ञान हातात असते, मापाच्या कागदावर त्यासाठी बहुधा रकाना नसतो. लग्नसराईत पुण्याहून न्यू जर्सीतल्या भाचीसाठी ब्लाउज शिवायचे असतात, तेव्हा फोनवर कळवलेल्या ‘छाती ३६’वर भिस्त ठेवणे किती जोखमीचे, हे यावरून ध्यानात यावे. साडीच्या ब्लाउजला ढिलाई जवळजवळ नसतेच. कुर्त्यात खपून जाणारा एक इंच तिथे लपत नाही.

खांदा आणि बाही यांची कथा वेगळी आहे आणि व्यापारी दृष्टीने अधिक महागडी. भारतात बाहीची लांबी खांद्याच्या टोकापासून मनगटापर्यंत मोजतात. पुरुषी शर्टाची बाही साधारण २४ किंवा २५ इंच भरते. अमेरिकी औपचारिक शर्टावर मात्र ‘१५½–३३’ असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला गळ्याचा. दुसरा बाहीचा, पण तो मानेमागच्या मध्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंतचा. अर्धा खांदा ९ इंच आणि बाही २४ इंच, मिळून ३३. दोन्ही देशांत त्याला ‘स्लीव्ह’ म्हणतात. ज्या तरुण निर्यातदाराने हा फरक ऐकलेला नाही, तो पहिल्या नमुन्याच्या वेळीच गोंधळतो. आणि नमुन्याच्या वेळी गोंधळला, तर तो नशीबवान म्हणायचा.

देशी बाजारातील शर्टाचे आकडेही काही कमी नाहीत. एका कंपनीच्या औपचारिक शर्टावरचा ४० हा गळ्याचा घेर असतो, सेंटिमीटरमध्ये. शेजारच्या कपाटातील दुसऱ्या शर्टावरचा ४० हा छातीचा घेर असतो, इंचांत. योगायोग असा, की ४० सेंटिमीटर गळ्याचा माणूस आणि ४० इंच छातीचा माणूस अनेकदा एकच असतो, म्हणून ही गफलत कोणाच्या लक्षात न येता चालून जाते. गळा जाड आणि छाती बेताची असलेल्या गिऱ्हाइकाच्या वेळी ती उघडी पडते. शिवाय ४० इंच म्हणजे अंगाची छाती की शर्टाची? अंगाची ४० असेल, तर शर्ट ४३-४४ इंचांचा शिवावा लागतो. ऑनलाइन विक्रीच्या तक्त्यांत कधी अंगाचे माप असते, कधी कपड्याचे, तर कधी कपडा टेबलावर सपाट पसरून घेतलेले निम्मे माप. एकाच शर्टासाठी ४०, ४४ आणि २२ हे तिन्ही आकडे खरे असू शकतात. गिऱ्हाइकाला तक्त्यावर फक्त ‘चेस्ट’ एवढाच शब्द दिसतो.

हीच गोष्ट बँकेच्या टेबलावर आली म्हणजे तिचे स्वरूप गंभीर होते. निर्यातीचा व्यवहार पतपत्रावर चालतो. पतपत्रांसाठी आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे नियम, म्हणजे यूसीपी ६००, २००७पासून लागू आहेत. त्यांचे मूलतत्त्व असे, की बँकेचा संबंध कागदपत्रांशी असतो, मालाशी नसतो. पँट अंगाला बसते की नाही, हे बँक पाहत नाही. मात्र पतपत्रात ‘खरेदीदाराच्या प्रतिनिधीने सही केलेले तपासणी प्रमाणपत्र’ अशी अट असेल आणि तपासनीसाने मापे चुकली म्हणून सही नाकारली, तर कागद अपुरे पडतात आणि पैसे अडकतात. पॅकिंग क्रेडिटवरचे व्याज मात्र थांबत नाही. तपासनीस आणि कारखानदार यांचा वाद पुष्कळदा शिलाईच्या दर्जाबद्दल नसतो. फीत कुठे लावायची याबद्दल असतो.

उदाहरणादाखल ५,००० पँटींचा एक करार समजा. मापपत्रकात आसनाच्या उंचीचा आकडा दिला आहे, पण ती कमरपट्टीसह की तिच्याविना, हे लिहिलेले नाही. पट्टी दीड इंचाची. कारखानदाराने आकडा पट्टीविना धरला, खरेदीदाराच्या मनात तो पट्टीसह होता. प्रत्येक पँट दीड इंच उंच झाली. नुसत्या लांबीचा हिशेब केला तरी ७,५०० इंच, म्हणजे सुमारे १९० मीटर कापड जास्त गेले. हा तोटा लहान. मोठा तोटा असा, की मापपत्रकात सहसा पाव ते अर्ध्या इंचाचीच सूट असते आणि दीड इंच त्यात कुठेच बसत नाही. सगळा माल नापास होतो, किंवा मोठी सूट देऊन त्याच खरेदीदाराच्या गळ्यात घालावा लागतो. मुंढ्याचेही तसेच आहे. मुंढा सरळ रेषेत मोजला तर एक आकडा येतो आणि वळणावरून फीत फिरवली तर एखादा इंच जास्त. छाती मुंढ्याच्या टोकाला मोजायची की एक इंच खाली? इलास्टिकची कंबर सैल मोजायची की ताणून? जाणते खरेदीदार प्रत्येक मापबिंदूला क्रमांक देतात आणि शेजारी रेखाचित्रात बाण दाखवतात. लहान खरेदीदार ते करत नाहीत. लहान कारखानदार विचारत नाहीत, कारण विचारले तर आपण अडाणी ठरू, अशी त्यांना भीती वाटते.

या अव्यवस्थेला शिस्त लावण्याचा सर्वांत मोठा जुना प्रयत्न अमेरिकेत झाला. तिथे टपालाने कपडे मागवण्याची पद्धत रूढ होती आणि न बसलेले कपडे परत येण्याचा खर्च व्यापाऱ्यांना जड जात होता. अमेरिकी कृषी खात्याच्या गृहअर्थशास्त्र विभागातील रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी १९३९-४०मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली आणि १९४१मध्ये निष्कर्ष छापले. काम प्रचंड होते, पण गोऱ्या स्त्रियांखेरीज इतरांची मापे हिशेबात धरली गेली नाहीत. अभ्यासाचा एक निष्कर्ष मोठा रोचक आहे. शरीराची बाकीची मापे ओळखण्यासाठी उंची आणि वजन ही जोडी सर्वांत उपयोगी ठरली. परंतु दुकानात कोणती स्त्री आपले वजन सांगेल, हा व्यवहारी प्रश्न पुढे उभा राहिला. विक्रेत्यांच्या पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव असलेल्या घरांना या अडचणीचे मर्म वेगळे सांगायला नको.

या सामग्रीच्या आधारे १९५८मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने स्त्रियांच्या कपड्यांसाठी ऐच्छिक मानक जाहीर केले. आकडा छातीवरून, अक्षर उंचीवरून आणि अधिक-उणे चिन्ह नितंबांच्या घेरावरून, अशी त्याची रचना होती. कागदावर ती उत्तम होती. १९७०मध्ये तिच्यात दुरुस्ती झाली आणि १९८३मध्ये मानक मागे घेण्यात आले. कंपन्यांना ते नको होते. गिऱ्हाईक लहान आकड्यावर खूश होते, हे त्यांना कळून चुकले होते. आकडा तोच ठेवून कपडा हळूहळू मोठा करणे त्यांना फायद्याचे वाटले. पुरुष याला अपवाद नाहीत. २०१०मध्ये एका अमेरिकी नियतकालिकाच्या लेखकाने ३६ इंच कंबर असे लिहिलेल्या निरनिराळ्या कंपन्यांच्या पँटी फितीने मोजल्या, तेव्हा त्या ३७पासून ४१ इंचांपर्यंत भरल्या. मीटरमागे पाच सेंटिमीटर कापड कमी देणाऱ्या दुकानदाराला लोक काय म्हणतील? इथे इंच जास्त मिळतो, म्हणून कोणी तक्रार करत नाही, एवढेच. आकडा मात्र खोटाच असतो.

युरोपने वेगळा मार्ग धरला. तिथे देशोदेशीचे आकडे आधीच निरनिराळे होते. ८८ सेंटिमीटर छातीच्या स्त्रीला इटलीत ४४ क्रमांकाचा कपडा, कारण ८८चे निम्मे ४४. जर्मनीत त्यातून ६ वजा करून ३८. फ्रान्समध्ये सामान्यतः ४०. युरोपीय मानक ईएन १३४०२ने सुचवले, की क्रमांकाच्या भानगडीत न पडता लेबलवर मानवी आकृतीचे छोटे चित्र काढावे आणि त्यावर अंगाची मापे सरळ सेंटिमीटरमध्ये लिहावीत. कपड्याची नव्हे, अंगाची. लहान मुलांसाठी तर तिथे उंचीच क्रमांक ठरली: ११६, १२२, १२८, दर ६ सेंटिमीटरला एक. ही रीत इतकी सोपी आहे, की आपल्याकडच्या शालेय गणवेशाच्या व्यापाऱ्यांनी तिच्याकडे लक्ष द्यावे असे वाटते. सोलापुरातून देशभर गणवेश जातात. मुलांच्या कपड्यांचे २२, २४, २६ हे क्रमांक शर्टाला छातीवरून, फ्रॉकला उंचीवरून, चड्डीला कुठे कंबरेवरून तर कुठे लांबीवरून चालतात. जूनमध्ये दुकानात गर्दी उसळते, आई ‘वाढत्या अंगाचे’ द्या म्हणते आणि काउंटरवरचा मुलगा मुलाकडे एक नजर टाकून क्रमांक सांगतो. त्याची नजर बहुधा बरोबर असते. पण शाळेने २०० किलोमीटरवरून फोनवर मागणी नोंदवली, की ती नजर तिथे पोहोचत नाही.

भारताचे स्वतःचे मापतक्ते आजवर बहुतांशी अमेरिकी आणि ब्रिटिश तक्त्यांवर डागडुजी करून चालले आहेत. ही उणीव भरून काढण्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीने, म्हणजे निफ्टने, ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. १५ ते ६५ वयाच्या २५,०००हून अधिक स्त्री-पुरुषांची मापे मुंबईसह सहा शहरांत त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचे त्याचे उद्दिष्ट ठरले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या देहयष्टींना एकच तक्ता पुरेल का, हा प्रश्न आहेच; पण मोजणीला सुरुवात झाल्याशिवाय त्याचे उत्तरही मिळणार नाही.

स्कॅनर आला म्हणून व्याख्येचा प्रश्न सुटला, असे मात्र समजू नये. यंत्र माणसाभोवती प्रकाश फिरवून क्षणात हजारो बिंदू टिपते. त्यातून कंबर काढायची, तर यंत्राला कोणीतरी आधी सांगावे लागते, की कंबर म्हणजे काय. एक आज्ञावली सर्वांत लहान घेर शोधते, दुसरी पाठीच्या खोलगट भागाची पातळी धरते, तिसरी उंचीच्या ठरावीक प्रमाणावर रेषा मारते. शिंपी बोटाने चाचपून बरगडी आणि हाड शोधतो. स्कॅनरला त्वचेखालचे हाड दिसत नाही. म्हणूनच स्कॅनरची मापे आणि हाताने घेतलेली मापे ताडून पाहण्याच्या रीतीसाठी आयएसओला २०६८५ हे स्वतंत्र मानक करावे लागले. दोन यंत्रांच्या दोन कंबरा निघाल्या, तर त्यांतली खरी कोणती, हे यंत्र सांगत नाही.

कंबरेच्या जागेचा आणखी एक हिशेब आहे आणि तो दुकानापेक्षा घराशी जास्त निगडित आहे. मधुमेह व हृदयविकार यांच्या धोक्याचा अंदाज घेण्यासाठी डॉक्टर पोटाचा घेर मोजतात. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. जागतिक आरोग्य संघटना शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर फीत लावायला सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची पद्धत हाडाच्या वरच्या कडेशी फीत धरते. दोन्हींत श्वास सोडल्यावर माप घ्यायचे असते. वैद्यकातही मतभेद आहे, पण तो निदान लिहून ठेवलेला आहे. दिवसभर गादीवर किंवा खुर्चीत बसून व्यापार करणारा गृहस्थ मात्र डॉक्टरांनी विचारले, की पँटीचा आकडा सांगतो: “चौतीस.” ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर, मर्यादेच्या आत. पँट पोटाखाली बांधलेली आहे, शिवाय कंपनीने ३४च्या नावाखाली ३६ची पट्टी शिवली आहे, आणि बेंबीच्या वर फीत लावली तर ती १०० सेंटिमीटरच्या पुढे जाते. असा माणूस वर्षानुवर्षे स्वतःला धोक्याबाहेर समजत राहतो. आरोग्य तपासणी शिबिरांत फीत लावणाऱ्या स्वयंसेवकांनाही जागा नेमकी दाखवून द्यावी लागते, नाही तर सकाळच्या रांगेतील कंबर आणि दुपारच्या रांगेतील कंबर यांत फरक पडतो.

व्यापारात यावरचा उपाय खर्चिक नाही. मागणीपत्राच्या मागील बाजूला शरीराची एक बाह्यरेषा छापून घ्यावी, तिच्यावर रेषा ओढून प्रत्येक मापाला क्रमांक द्यावा आणि तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: माप अंगाचे की कपड्याचे, ढिलाई धरली की नाही, एकक इंच की सेंटिमीटर. शिलाईची माया या हिशेबात आणू नये. ती बेतणाऱ्याची बाब आहे आणि तिचा उल्लेख आला, की नवा माणूस ती दोनदा धरतो. पहिला नमुना आला, म्हणजे दोन्ही पक्षांनी एकाच टेबलावर, एकाच फितीने, तो मोजावा आणि मोजलेल्या कागदावर दोघांनी सही करावी. कापडी फीत वर्षभराच्या वापरात ताणली जाते, म्हणून ती दर हंगामात दुकानातील शिक्क्याच्या मीटरपट्टीशी लावून पाहावी. दोन-तीन मिलिमीटरचा फरक दिसला, तर फीत बदलावी. तिची किंमत एका परत आलेल्या ब्लाउजच्या शिलाईपेक्षा कितीतरी कमी असते.